पिवळ्या वडीचे याकूबमियाँ

याकूबमियाँ साबण चाखत असत. हे सांगितलं की माझ्या नातसुना हसतात, पण जालन्याला स्टेशनाकडच्या रस्त्यावर आमचा साबणाचा कारखाना होता तेव्हाची ही रोजची गोष्ट आहे. सकाळी आले की ते आदल्या दिवशी कापलेली एक वडी उचलत, तिला जिभेचं टोक लावत, डोळे मिटत आणि जरा थांबून एक तर "हौ" म्हणत किंवा "नक्को" म्हणत. हौ म्हटलं की माल बाहेर जायचा. नक्को म्हटलं की तो अख्खा घाणा पुन्हा कढईत. सोडा जास्त झाला असेल तर जीभ चुरचुरते आणि कमी झाला असेल तर नुसतं तेलकट लागतं, असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. आम्हीही चोरून चाखून पाहिलं. दिवसभर भाकरीची चव गेली.

ते कारखान्याचे मॅनेजर होते. मालक शेठजी होते. त्यांचा मूळ धंदा करडईचा आणि तेलाचा, आणि साबण हे त्यांचं अलीकडचं खूळ. याकूबमियाँ उंच, जरा वाकलेले, दाढी नीट कातरलेली. शेरवानी एकच, करड्या रंगाची, तिच्यावर सोड्याचे पांढरे डाग पडलेले. ऑफिसात त्यांच्यासाठी खुर्ची होती, पण तिच्यावर कायम कागद असायचे. ते स्वतः तेलाच्या उपड्या डब्यावर बसत, तोही ऑफिसात नसे, कारखान्याच्या मधोमध असे. तिथून कढईही दिसायची आणि आम्ही वड्या गुंडाळणाऱ्या बायकाही दिसायच्या. प्रत्येकीला ते नावापुढे बाई लावून हाक मारत. माझ्याहून लहान मुलीलाही.

मी तिथे लागले ती दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी. माझा नवरा स्टेशनवर हमाल होता. गाठोडं पाठीवर पडून त्याची पाठ गेली आणि तो अंथरुणाला खिळला. तीर्थपुरीला माहेरी वडिलांनी मला घरीच अक्षरं शिकवली होती, पण त्यांचा उपयोग काय होईल हे कोणालाच माहीत नव्हतं. कारखान्यात बायका घेणार आहेत असं कळलं म्हणून गेले. फाटकाशी पंधरा-वीस जणी आधीच उभ्या होत्या. इतर कारखान्यांत मुकादम माणसं आणायचा, त्याच्या नात्यातली, त्याच्या गावची. इथे मुकादम नव्हता. याकूबमियाँ स्वतः बाहेर आले, प्रत्येकीच्या हातात वडीचा एकेक तुकडा दिला आणि हौदाकडे बोट केलं.

"हात धुवून या, आणि वडी कशी आहे ते मला सांगा."

सगळ्या जणी धुवून आल्या. चांगली आहे साहेब, लई छान फेस येतो साहेब, असं म्हणत एकेक पुढे सरकत होती. माझी पाळी आली. माझ्या बोटांना आग सुटली होती. खोटं बोलावं असं वाटलं, पण हात लपवता येईनात.

"साहेब, पेरांना आग होऊन राह्यली," मी म्हणाले.

"कायम अशाच बोलाल?"

"बोलीन. पण मंग कामावरून काढू नका."

याकूबमियाँ हसले की आवाज येत नसे, फक्त खांदे हलत. तसे ते हलले. तो तुकडा त्यांनी मुद्दाम बिघडलेल्या घाण्यातला दिला होता. त्या दिवशी आम्हा तिघींना घेतलं, आणि तिघींनीही वडीला नावं ठेवली होती. शेठजींना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "मियाँ, माझ्याच दारात उभं राहून माझ्या मालाची निंदा करील तिला पगार द्यायचा, हा कुठला हिशेब?" याकूबमियाँ म्हणाले, "शेठजी, ती बाजारात जाऊन करील त्यापेक्षा इथं करू द्या."

त्या तिघींपैकी एक साळूबाई. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी, कपाळावर गोंदलेलं, तोंडात मशेरी. तिला याकूबमियाँनी एक वेगळंच काम दिलं होतं. दर सोमवारी तिने कारखान्यात यायचं नाही. घरचं धुणं घेऊन कुंडलिकेवर जायचं, दिवसभर धुवायचं, आणि बाकीच्या बायका साबणाबद्दल काय बोलतात ते ऐकून यायचं. त्या दिवसाचा पगार पूर्ण. बाकीच्या बायकांना वाटायचं साहेबांनी हिला डोक्यावर चढवलंय. पण ते म्हणायचे, "मी नदीवर जाऊन उभा राहिलो तर बाया मला धोंडे मारतील. साळूबाईंचे कान माझे कान आहेत."

कारखान्याच्या साबणाला तेव्हा इंग्रजी नाव होतं. शेठजींनी मुंबईहून रंगीत लेबलं छापून आणली होती, वर छत्री घेतलेली एक गोरी मडम. साळूबाई एका मंगळवारी आली आणि म्हणाली, "साहेब, ते नाव एक बाई घेत न्हाई. दुकानात जातात अन् म्हणतात, पिवळी वडी दे."

"सगळ्या?"

"ती मडम पोरं फाडून भिंतीला चिकटवतात. साबणाला समद्या पिवळी वडीच म्हणतात."

याकूबमियाँ तसेच उठले आणि शेठजींकडे गेले. मी कागद द्यायला मागून गेले होते म्हणून मला ते बोलणं ऐकायला मिळालं. शेठजी म्हणाले, "पिवळी वडी हे काय नाव झालं? उद्या लोक बेसनाची समजून खातील."

"खातील तर खातील, शेठजी. मी रोज खातो."

शेठजींनाही हसू आलं. नवं लेबल साधंच निघालं, पिवळ्या कागदावर काळी अक्षरं, पिवळी वडी, एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला उर्दूत. छापखान्यातून नमुना आला तेव्हा याकूबमियाँनी शेरवानीच्या बाहीतून निघालेला एक दोरा तोडला आणि दोन्हीकडची अक्षरं त्याने मोजली. उर्दू अक्षरं जरा मोठी आली होती. त्यांनी नमुना परत पाठवला. "बराबर पाहिजे," एवढंच म्हणाले.

कारखान्यात सगळ्यात मोठा मान किसनरावाचा. तो कढईवरचा कारागीर, तेल आणि सोडा किती आणि केव्हा घालायचा हे त्याच्याच हातात. आम्ही गुंडाळणाऱ्या बायका सगळ्यात खाली. एकदा वड्यांत खडे राहिले. आम्हाला दिसत होते, पण किसनरावाला सांगायचं कोणी? तो माल तसाच गेला आणि भोकरदनहून परत आला. याकूबमियाँ कोणावर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या शेजारी एक टोपलं ठेवलं. जी वडी आम्हाला पसंत नसेल ती टोपल्यात टाकायची. दुपारपर्यंत टोपलं अर्धं भरलं तर किसनरावाने कढई सोडून यायचं, आमच्यात खाली बसायचं आणि प्रत्येक वडी हातात घेऊन पाहायची.

पहिल्यांदा तो आला तेव्हा त्याचं तोंड लाल झालं होतं. चार दिवस कोणाशी बोलला नाही. याकूबमियाँ त्याला काहीच म्हणाले नाहीत, जेवायला मात्र रोज त्याच्या शेजारी जाऊन बसले, दोघंही गप्प. पाचव्या दिवशी टोपलं रिकामं असताना किसनराव आपण होऊन आला आणि म्हणाला, "आज काय न्हाई का?" त्यानंतर तो रोजच येऊ लागला.

मग लढाई आली आणि सोडा मिळेना. तो समुद्रापलीकडून यायचा, मुंबईत उतरायचा. आधी महाग झाला, मग निम्माच येऊ लागला. आसपासच्या साबणवाल्यांनी शंखजिऱ्याची, म्हणजे मऊ पांढऱ्या दगडाची, पूड मिसळायला सुरुवात केली. वजन तेवढंच, वडी तेवढीच, दिसायलाही पांढरीशुभ्र. शेठजी आमच्या कारखान्यात आले ते एका पुडीत ती पूड घेऊनच. त्यांचा भाचा सोबत होता. शेठजी वाईट माणूस नव्हते. ते घाबरले होते. सरळ दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. भाव वाढवला तर एक आण्याच्या वर खेड्यातली बाई देणार नाही. पूड घातली नाही तर दोन महिन्यांत फाटक बंद करावं लागेल. कारखान्यात तेव्हा चाळीसेक माणसं होती.

याकूबमियाँनी काम थांबवलं आणि सगळ्यांना बाहेर लिंबाखाली बोलावलं, शेठजींनाही. अशी रीत तेव्हा कुठेच नव्हती. पुडी सगळ्यांच्या हातातून फिरवली आणि अडचण आहे तशी सांगितली. "मला सुचत नाही," ते म्हणाले. "कोणाला सुचत असेल तर बोलून टाका."

मग साळूबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "घरात जवारी कमी पडली तर आपण काय करतो? भाकरी लहान करतो. पिठात राख न्हाई घालीत."

भाचा म्हणाला, "लहान वडी त्याच भावात कोण घेईल?"

"लेकराला सांगावं लागतं ना," साळूबाई म्हणाली, "की बाबा, आज भाकर लहान हाय."

याकूबमियाँनी पुडी मिटून शेठजींच्या हातात परत दिली. नंतर त्यांनी शेठजींना जे सांगितलं ते ऐकून शेठजी मटकन खालीच बसले. वडी लहान करायची, आणि ती लहान केली आहे हे लेबलावर छापायचं. "कोणता व्यापारी आपल्या तोंडानं आपला माल कमी आहे म्हणून सांगतो?" शेठजींनी विचारलं.

"तीन महिने द्या, शेठजी. नाही चाललं तर माझी खुर्ची भाच्याला."

खुर्चीवर ते कधी बसले नव्हते ही गोष्ट वेगळी, पण नोकरी गेली असती तर त्यांच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

नवं लेबल आलं. त्यावर पिवळी वडीच्या खाली एक ओळ होती: वडी लहान केली आहे, माल तोच आहे. दोन्ही लिप्यांत, सारख्याच अक्षरांत. पहिल्या महिन्यात विक्री निम्म्यावर आली. याकूबमियाँनी कोणाला काढलं नाही. आठवड्यातून चारच दिवस काम चालेल असं ठरवलं, पगारही चारच दिवसांचा, आणि त्यात स्वतःचं नाव सगळ्यात वर लिहिलं. उरलेल्या दिवसांत ते बाजार फिरू लागले. साळूबाईला आणि मला ते सोबत नेत. बायका बायकांशी बोलतील म्हणून तिला, आणि लेबल वाचून दाखवायला मला. तीर्थपुरी, धावडा, जाफराबाद, कधी बैलगाडीने, कधी मोटारीने. बाजारात फडकं पसरायचं आणि त्यावर जुनी मोठी वडी आणि नवी लहान वडी शेजारी शेजारी ठेवायची. लोकांनी फरक विचारायच्या आत आपणच दाखवायचा.

जाफराबादच्या बाजारातली एक बाई मला अजून आठवते. काळं लुगडं, कडेवर मूल. तिने दोन्ही वड्या उचलून हातात तोलल्या.

"ही लहान हाय."

"जी, बराबर," याकूबमियाँ म्हणाले. "लहानच आहे."

"अन् भाव तोच?"

"भाव तोच."

"मंग मी काहून घेऊ?"

"आज घेऊ नका. दुसरीकडची घ्या, हे लुगडं धुवा, वाळलं की बघा."

ती बाई खरंच गेली आणि पलीकडच्या दुकानातून मोठी पांढरी वडी घेऊन, आम्हाला दाखवत निघून गेली. साळूबाई चिडली. "साहेब, तुमी गिऱ्हाईक हाकलायला आल्ते का?" याकूबमियाँ फडकं गोळा करू लागले. परतीच्या गाडीत ते सबंध रस्ता बाहेर बघत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा ते म्हातारे वाटले.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच जागी बसलो. ती बाई दुरूनच येताना दिसली, मागे तिच्या आणखी पाच-सहा जणी. तिने पदर पुढे धरला. काळ्या लुगड्यावर पिठाच्या हातांनी चापट्या माराव्यात तसे पांढरे चट्टे. शंखजिरं पाण्यात विरघळत नाही, ते कापडातच बसतं, आणि आमच्याकडच्या बायकांची लुगडी सगळी गडद, काळी, हिरवी, लाल.

"तीन डाव खळबळून काढलं," ती म्हणाली. "जाईना. तुमची लहान वडी द्या."

याकूबमियाँनी तिला वडी दिली आणि विचारलं, "नाव काय तुमचं?" तिने नाव सांगितलं. ते त्यांनी मला लिहून घ्यायला लावलं. कशासाठी ते मला कळलं नाही. पुढे दर वेळी जाफराबादला गेलो की ते तिला नावाने विचारत, आणि ती वडीत काय कमी-जास्त झालं ते त्यांना सांगे, अगदी घरच्या माणसाला सांगावं तसं.

तिसरा महिना संपायच्या आत कारखाना सहा दिवस चालू झाला. सोडा कमीच होता, पण जेवढा माल निघे तेवढा जाई. भाच्याला शेठजींनी करडईच्या गोदामावर पाठवलं.

लढाई संपली, हळूहळू सोडा पुन्हा भरपूर येऊ लागला. शेठजी एक दिवस खुशीत आले आणि म्हणाले, "आता लोकांना लहान वडीची सवय झालीय. राहू द्या तशीच." याकूबमियाँ त्या वेळी डब्यावर बसून काजूएवढ्या तुकड्यावर जीभ लावत होते. त्यांनी तुकडा खाली ठेवला.

"शेठजी, आपण लहान केली हे सांगितलं होतं. म्हणजे मोठी करू हेही सांगितलं होतं."

"असं कुठं छापलं होतं?"

"छापलं नव्हतं. त्या जाफराबादच्या बाईला विचारा, तिनं काय वाचलं ते."

शेठजी थोडा वेळ कारखान्यात इकडे-तिकडे फिरले, एक-दोन वड्या उचलून पाहिल्या, आणि जाताना म्हणाले, "करा मोठी." मोठ्या वडीवर, वडी पुन्हा मोठी केली आहे, अशी नवी ओळ आली तेव्हा ती बाजारात मी मोठ्याने वाचून दाखवली. बायकांनी वडी हातात तोलली आणि एकमेकींकडे पाहिलं. एवढा आनंद एका साबणाच्या वडीचा होऊ शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

त्यानंतरची दोन वर्षं वाईट गेली. आधी भीती आमच्या गल्ल्यांत होती, रझाकारांची. मग भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आणि भीती उठून याकूबमियाँच्या मोहल्ल्यात गेली. कारखाना चार दिवस बंद होता. पाचव्या दिवशी किसनरावाने कढई पेटवली, पण याकूबमियाँ आले नाहीत. सहाव्या दिवशीही नाहीत. सातव्या दिवशी साळूबाईने मला घेतलं आणि आम्ही त्यांच्या घरी गेलो.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी दार अर्धंच उघडलं. दाढी वाढलेली, अंगात नुसता कुडता. शेरवानीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, चला," साळूबाई म्हणाली.

"आत्ता माझं येणं बरं दिसणार नाही, साळूबाई. शेठजींनाही अडचण होईल."

"दिसायचं राहू द्या. किसनरावानं दोन घाणे बिघडवलेत. माल जाऊन राह्यलाय, अन् चाखायला कोणी न्हाई."

पडद्यामागून त्यांच्या बीबीचा आवाज आला. "जाव जी. सात दिनां से घर में बैठको मेरेकू सालन पकाना सिखा रैं."

याकूबमियाँचे खांदे हलले. थोड्या वेळाने ते शेरवानी घालून बाहेर आले. कोपऱ्यावर किसनराव उभा होता, त्याच्यामागे कारखान्यातली दहा-बारा माणसं, जणू सगळ्यांनाच त्या गल्लीत काहीतरी काम निघालं होतं. सगळे त्यांच्या आजूबाजूने चालू लागले. चौकात बंदूकवाल्या शिपायाने हात आडवा केला. "कौन है ये?"

साळूबाई पुढे झाली. "आमचे साहेब हायेत. कामाला उशीर होऊन राह्यलाय," ती म्हणाली, आणि शिपायाला मराठी समजतं की नाही याचा विचार न करता चालत राहिली. त्याने हात खाली घेतला.

बाजारात दुकानं नुकती अर्धी-अर्धी उघडत होती. एका किराणावाल्याने याकूबमियाँना पाहिलं. मग फळीवरून वाकून म्हणाला, "मियाँसाहेब, पिवळी वडी संपलीय. कधी धाडता?"

"जल्दी," याकूबमियाँ म्हणाले. कारखान्यात शेठजी फाटकातच उभे होते. बाजूला होऊन त्यांनी वाट दिली. आत गेल्यावर किसनरावाने दोन घाण्यांच्या दोन वड्या पुढे केल्या. याकूबमियाँनी दोन्ही चाखल्या आणि दोनदा "नक्को" म्हणाले. असं नक्को ऐकून इतकी माणसं हसलेली मी पुन्हा पाहिली नाहीत. किसनराव तर डोळे पुसत होता.

दिवाळीनंतर मी जालना सोडलं. नवरा आता बसता-उठता झाला होता, दुकानाच्या गल्ल्यावर बसू शकत होता, म्हणून आम्ही तीर्थपुरीला छोटं किराणा दुकान टाकायचं ठरवलं. याकूबमियाँनी मला निरोपाला काहीच दिलं नाही, फक्त विचारलं, "दुकानात पहिल्या दिवशी काय करणार?" मी म्हणाले, "माल मांडणार." ते म्हणाले, "आधी दारात बसून बाया काय मागतात ते ऐका. मांडायचं मग बघा."

मोटार निघाली ती कारखान्यावरूनच. खिडकीतून मला मागचं मोकळं मैदान दिसलं. तिथे दुसऱ्या कढईसाठी नवी शेड बांधायची होती. किसनराव एका टोकाला उकिडवा बसून सुतळी ताणून धरून होता. याकूबमियाँ दुसऱ्या टोकाकडे पाठीमागे पाठीमागे चालत, मुठीतून चुन्याची फक्की सोडत जमिनीवर रेघ ओढत होते. शेरवानीचं टोक पांढरं झालं होतं. साळूबाई कमरेवर हात ठेवून उभी होती आणि हाताने दाखवत होती, आणखी मागे, आणखी मागे. मी हात हलवला. त्यांनी वर पाहिलं नाही. साळूबाई दाखवत होती तसे ते आणखी दोन पावलं मागे सरले, आणि शेड तेवढी मोठी झाली.